येळवशीच्या शेतावर दोन कॅमेरे

मार्गशीर्ष अमावास्या, रात्री उशिरा

यंदा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, शेतावर जाताना खांद्यावर निकॉन डी७०० आणि सदऱ्याच्या खिशात सोनी आरएक्स१०० असे दोन्ही कॅमेरे मुद्दाम बरोबर घेतले. पहिला माझा. लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका मित्राने नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याच्याकडून तो मी विकत घेतला होता. दुसरा भाच्याचा. तो पुण्याला शिकायला गेल्यापासून सगळे फोटो मोबाइलवरच काढतो, त्यामुळे दिवाळीत आला तेव्हा "मामा, तुमच्याकडंच राहू द्या, तिथं नुसता कपाटात पडलाय," असे म्हणून कॅमेरा माझ्या हवाली करून गेला. डी७०० हा २००८ सालचा, आरएक्स१०० हा २०१२ सालचा, म्हणजे आजच्या बाजाराच्या हिशेबाने दोन्ही जुनेच. मात्र एक त्या काळी व्यावसायिक छायाचित्रकारांच्या गळ्यात दिसणारा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या पट्टीचा), लेन्स बदलता येणारा डीएसएलआर आहे आणि दुसरा खिशात मावणारा, त्यामुळे या दोघांत फरक नेमका कुठे पडतो हे दुसऱ्याच्या मतावर न सोडता आपल्या उन्हात, आपल्या काळ्या मातीत पाहावे असे बरेच दिवस मनात होते.

वजनाचा फरक सांगण्यासारखा आहे, कारण तो पहिल्या अर्ध्या तासातच मान सांगू लागते. डी७००ची नुसती बॉडी ९९५ ग्रॅम, तिच्यावरची २४-७० मिलिमीटरची एफ २.८ झूम लेन्स ९०० ग्रॅम (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे). बॅटरी आणि पट्टा धरला की दोन किलो होतात. आरएक्स१०० बॅटरी आणि कार्डासह २४० ग्रॅम. गाडीवाटेने चालताना, पुढे घोंगडीने झाकलेले आंबिलीचे बिंदगे डोक्यावर घेऊन मंडळी झपाझप जात असताना, मी मागे मागे राहिलो तो वयामुळे नव्हे असे मी तरी समजतो.

दुपारी कोपीपाशी, म्हणजे शेतातल्या खोपटापाशी, पूजा झाली. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडलेले, समोर भज्जी, उंडे, खीर, आणि बाहेर डोळ्यांवर येणारे पौषाच्या तोंडचे लख्ख ऊन. या उन्हात आरएक्स१००ची खरी अडचण कळते ती अशी की त्याला व्ह्यूफाइंडर नाही. मागची तीन इंची स्क्रीन घरात उत्तम दिसते, आणि उन्हासाठी तिचा उजेड वाढवण्याची सोयही सोनीने दिली आहे, तरीही निसवलेल्या ज्वारीच्या कडेला उभे राहून, सूर्य पाठीशी असताना, मला त्या काचेत चौकटीपेक्षा स्वतःचा सदराच अधिक स्पष्ट दिसत होता. अशा वेळी आपण अंदाजाने फोटो काढतो आणि नंतर सावलीत जाऊन काय आले ते पाहतो. डी७००ला डोळा लावला की बाहेरचे ऊन बाहेरच राहते. त्याचा व्ह्यूफाइंडर चौकटीचा ९५ टक्के भागच दाखवतो, त्यामुळे कडेला कुणाचा तरी कोपर किंवा पितळेच्या तांब्याचा अर्धा काठ आगंतुकासारखा येतो खरा, पण मधले सगळे पाहून, ठरवून काढलेले असते. डोळा न काढता अंगठ्याने आणि तर्जनीने दोन चाकांवर शटरचा वेग आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, बदलता येते. आरएक्स१००च्या लेन्सभोवतीची कडी या कामाला लावता येते, पण ती गुळगुळीत फिरते, टप्पा बोटाला कळत नाही आणि पुन्हा स्क्रीनकडेच पाहावे लागते.

एवढे लिहिल्यावर लहान कॅमेऱ्याची बाजू लगेच लिहिली पाहिजे, कारण तीही याच उन्हातली आहे. भर दुपारी पटका बांधलेल्या माणसाचा फोटो घेताना कपाळापासून नाकापर्यंत सगळी काळी सावली पडते आणि ती उजळायला थोडा फ्लॅश लागतो. डी७००चा पडदा-शटर अंगभूत फ्लॅशशी १/२५० सेकंदाच्या आसपासच जुळतो. त्याचा मूळ आयएसओ (उजेडाला असलेली संवेदनशीलता) २००, म्हणजे अशा उन्हात ॲपर्चर एफ १४ पर्यंत बंद करावे लागते, आणि एवढ्या बारीक छिद्रातून त्या छोट्या फ्लॅशचा उजेड समोरच्या चेहऱ्यावर पोचला काय नि न पोचला काय, सारखेच. शिवाय २४-७० इतकी लांब आहे की रुंद कोनात तिचीच गोल सावली फोटोच्या तळाशी उमटते. आरएक्स१००मध्ये लेन्सच्या आत बसवलेले लीफ शटर आहे, ते अतिवेगालाही फ्लॅशशी जुळते. आयएसओ १२५, एफ ४, १/२००० अशा मापावर हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर उभे राहून मी चुलत्यांचा फोटो घेतला. मागचे आकाश निळेच राहिले आणि पटक्याखालचे डोळे दिसले. मोठ्या कॅमेऱ्याने हेच करायला बाहेरचा फ्लॅश लावून हाय-स्पीड सिंकमध्ये (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवण्याच्या पद्धतीत) न्यावा लागतो आणि तिथे फ्लॅशची ताकद बरीच घटते.

माणसांच्या वागण्यातला फरक मात्र कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. डी७०० वर केला की पंगतीतल्या बायका पदर सावरून ताठ बसतात, मुले ओळीत उभी राहतात, आणि शेजारच्या शेतातून जेवायला आलेल्या काकूंनी "पेपरात देनार हाव का?" असे विचारलेच. थोड्या वेळाने आरएक्स१०० काढला तेव्हा त्याच काकू भज्जी वाढता वाढता "ह्ये काय, डबी हाय का?" एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा वाढायला लागल्या. वाढतानाचा तो हात, त्यावरच्या हिरव्या बांगड्या, पळीतून पत्रावळीवर पडणारी वाफाळती भज्जी हा सगळा फोटो त्या दुर्लक्षातून मिळाला आहे.

संध्याकाळी मात्र लहान कॅमेऱ्याने हात टेकले. दिवस मावळल्यावर कडब्याचा हेंडगा पेटवून पोरे शेताला फेरी मारतात. पेटती मोळी पळत असते, पळणाऱ्याचे तोंड अर्धे उजेडात आणि अर्धे अंधारात असते, आणि जे काही घ्यायचे ते एका वळणावर, ज्वाला आपल्याकडे असतानाच घ्यावे लागते. डी७००वर मी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स चढवली होती, आयएसओ ६४०० ठेवला होता. मधल्या फोकस बिंदूने ज्वालेची कड धरली आणि बटण दाबले त्या क्षणाचाच फोटो आला. आरएक्स१००ची लेन्स त्या वेळी पुढेमागे होत फोकस शोधत होती. त्याने ठरवेपर्यंत हेंडगा बांधापलीकडे गेलेला होता.

दुसरा दिवस

आज संगणकावर फाइली शेजारीशेजारी लावून पाहिल्या. आकड्यांत लहान कॅमेरा पुढे आहे: आरएक्स१००चे २०.२ मेगापिक्सेल, डी७००चे १२.१. सेन्सरचे माप पाहिले की चित्र उलटते: एकाचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ३६ बाय २३.९, म्हणजे क्षेत्रफळ सातपटीहून थोडे जास्त. या सातपटीचा जो दबदबा आमच्यासारख्या हौशी लोकांच्या बोलण्यात असतो, तो दुपारच्या फाइलींत मला सापडला नाही. मूळ आयएसओवर काढलेल्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलीत लहान सेन्सरच्या सावल्या उपसल्या तरी त्यात घाण फारशी येत नाही, आणि कडब्याच्या पेंढीतली एकेक काडी मोजायची झाली तर ती त्याच्याच फाइलीत नीट मोजता येते. ॲपर्चर एफ ८च्या पुढे नेले की मात्र त्याची धार बोथट होते, कारण एवढ्या बारीक पिक्सेलला छिद्राच्या कडेवरून वाकणारा प्रकाश लवकर बाधतो.

मागचे धूसर करण्याची गोष्ट वेगळी. फुल फ्रेमशी तुलना करायला आरएक्स१००च्या सेन्सरसाठी २.७ हा गुणक लावावा लागतो. रुंद कोनात त्याचे एफ १.८ हे पुढचे-मागचे किती स्पष्ट दिसते त्या दृष्टीने फुल फ्रेमवरच्या एफ ४.९ सारखे वागते आणि पूर्ण झूमवर, म्हणजे १०० मिलिमीटरच्या तोलाच्या कोनात, त्याचे एफ ४.९ हे एफ १३ सारखे. चेहऱ्यामागची कोप, मोटारसायकल, पाण्याचा पिवळा ड्रम हे सगळे आपापल्या जागी ठणठणीत उभे दिसते. ५० एफ १.८ ने काढलेल्या फोटोत त्याच ड्रमचा नुसता पिवळा डाग उरला आहे.

रविवार

आज औशाकडून लातूर जिल्ह्यातल्या खरोशाला गेलो. तिथली लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. हा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यामुळे शिल्पांचे नाकडोळे झिजून गेले आहेत आणि जे उरले आहे ते दाराकडून येणाऱ्या तिरप्या उजेडातच दिसते. फ्लॅश मारला तर भिंत सपाट होते. अजिंठ्यात तर रंगांच्या जपणुकीसाठी फ्लॅशला बंदीच आहे, तेव्हा अंधारात हातात धरून फोटो काढण्याची कसोटी मराठवाड्यातल्या कुणाही फोटोवाल्याला कधी ना कधी द्यावी लागतेच.

इथे मला अपेक्षित नव्हते ते दिसले. माझ्या २४-७० लेन्सला हात स्थिर करणारी यंत्रणा नाही, त्यामुळे एफ २.८ वर १/३० सेकंदाच्या खाली जाण्याची मला हिंमत होत नाही, आणि आतल्या दालनात त्यासाठी आयएसओ ३२०० लागला. आरएक्स१००च्या लेन्समध्ये ती यंत्रणा आहे. खांबाला खांदा टेकवून, श्वास धरून मी १/१० सेकंदावर, रुंद कोनात, एफ १.८ वर फोटो घेतला, आणि त्याला आयएसओ ४०० पुरला. हिशेब मांडून पाहिला तर तो विलक्षण जुळतो: एफ १.८ मुळे सुमारे अडीचपट आणि संथ शटरमुळे तिप्पट, म्हणजे मिळून जवळजवळ सातपट उजेड लहान सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पडला, आणि त्याचे क्षेत्रफळ साधारण तेवढ्याच पटीने कमी आहे. म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांनी एकूण उजेड सारखाच गोळा केला. घरी येऊन पाहिले तर झिजलेल्या द्वारपालाच्या खांद्यावर कमी उजेडामुळे फोटोत उमटलेले दाणे दोन्ही फाइलींत एकाच जातीचे होते. उलट लहान कॅमेऱ्यात पुढचा खांब आणि मागची मूर्ती दोन्ही स्पष्ट होत्या. डी७००वर तसे करायला ॲपर्चर बंद करावे लागले असते आणि आयएसओ आणखी चढला असता.

अर्थात हे दगड हलत नाही म्हणून. त्या दालनात एक लहान मूल पळत आले असते तर १/१० सेकंदाला त्याचा धूर झाला असता आणि पुन्हा हेंडग्याचीच गोष्ट घडली असती. पूर्ण झूम केले तरीही हा हिशेब कोसळतो, कारण तिथे लहान लेन्स एफ ४.९ वर येते आणि डी७०० तीन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आसपास पुढे निघून जातो. म्हणून "मोठा सेन्सर अंधारात चांगला" हे वाक्य मला आता अपुरे वाटते. अंधारात हलणाऱ्या आणि दूरच्या गोष्टींसाठी तो चांगला, स्थिर आणि जवळच्या गोष्टींसाठी खिशातला कॅमेरा त्याच्या बरोबरीने उभा राहतो.

धुळीबद्दल थोडे. डीएसएलआरची लेन्स शेतात बदलली की सेन्सरवर कण बसणारच, पण ब्लोअरने ते उडवता येतात आणि डी७०० स्वतः सेन्सर हलवून काही झटकतोही. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सचा छोटा कॅमेरा प्रत्येक झूमबरोबर हवा आत ओढतो, आणि एकदा आत गेलेला काळ्या मातीचा कण दुकानात पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही. म्हणून मी त्याला झिपच्या पिशवीत ठेवतो आणि रास चाललेल्या खळ्याकडे तो काढतच नाही. बॅटरीचेही तसेच: डी७००ची बॅटरी दिवसभर पुरून उरते, आरएक्स१००ची सातत्याने पाहत राहावी लागते. व्हिडिओ मात्र डी७००ला येतच नाही, आणि घरच्यांना आरतीचा व्हिडिओ फोटोपेक्षा जास्त हवा असतो.

लेण्यातले आणि हेंडग्याचे असे निवडक फोटो लातूरला १२ बाय १८ मापात छापून घेतले. डी७००ची फाइल ४२५६ पिक्सेल रुंद, त्यामुळे या मापावर दर इंचाला सुमारे २३६ पिक्सेल येतात. आरएक्स१००ची ५४७२ रुंद, म्हणजे तीनशेच्या वर. हातात धरून पाहण्याच्या अंतरावरून हा फरक मला दिसला नाही. रंगात दिसला: डी७००च्या छाप्यात ज्वालेजवळचा गालाचा रंग हळूहळू काळोखात उतरतो, तर आरएक्स१००ने संध्याकाळी काढलेल्या एकमेव बऱ्या फोटोत तोच गाल पट्ट्यापट्ट्यांनी तुटलेला आहे.

या सगळ्यातून एक व्यवहाराचा निर्णय झाला. २४-७० ने मी जे करत होतो, म्हणजे शेत, पंगत, लेणी, दुपारचे चेहरे, ते आता आरएक्स१०० करतो, आणि डी७००ची जी कामे त्याला जमत नाहीत ती बहुतेक ५० एफ १.८ वर होतात. ही लेन्स फक्त १५५ ग्रॅमची आहे. तेव्हा मोठी झूम विकायला काढली आहे. भाच्याला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामा, लोक बॉडी विकतात, लेन्स ठेवतात." त्याचे म्हणणे बाजाराच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण बॉडीचे मोल दर वर्षी उतरते आणि चांगली लेन्स किंमत धरून राहते. पण चांगला भाव लेन्सलाच येणार असेल तर ती विकण्याचे तेही एक कारणच झाले, आणि पळत्या हेंडग्याची ज्वाला पकडणारा फोकस बॉडीत आहे. उद्या लेन्सच्या मागच्या पुढच्या टोप्या शोधून ठेवायच्या आहेत, आणि आरएक्स१००साठी एक जादा बॅटरी मागवायची आहे.