थ्रस्टर बिघडला तर वर दुरुस्तीला कोण जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि तुम्ही काही पहिले नाही, अवकाशावर कुठेही बोललो की हा प्रश्न येतोच. अवकाश स्टेशनकडे सामान घेऊन निघालेल्या यानाचे थ्रस्टर, म्हणजे त्याची दिशा आणि वेग बदलणारी छोटी इंजिनं, वाटेतच रुसले तर दुरुस्त करायला कोण जातं?

कोणीच नाही. मालवाहू यानात माणूस नसतो आणि स्टेशनवरचे लोक स्पेससूट चढवून तिथवर जाऊ शकत नाहीत. जे काय करायचं ते जमिनीवरून कमांड पाठवून, आणि यानात आधीच जे व्हॉल्व्ह, टाक्या, हीटर बसवलेत त्यांच्याच जोरावर. पण माझ्या मते दुरुस्ती हा सोपा भाग आहे. अवघड भाग त्यानंतरचा, की आता याला स्टेशनजवळ येऊ द्यायचं का?

१ मार्च २०१३ ला स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन हे मालवाहू यान सामान घेऊन निघालं, रॉकेटने काम चोख केलं, यान सुटं झालं आणि तिथेच गाडी अडली. त्या ड्रॅगनवर १८ ड्रॅको थ्रस्टर होते, चार गटांत विभागलेले, त्यातला एकच गट सुरू झाला आणि बाकी तीन सुरू करायला यानाच्या कॉम्प्युटरने चक्क नकार दिला. कारण ऑक्सिडायझरच्या, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या रसायनाच्या, टाक्यांमध्ये पुरेसं प्रेशर दिसत नव्हतं. म्हणजे इंजिनं ठीक होती, त्यांच्यापर्यंत माल पोचत नव्हता.

हे जरा नीट सांगतो कारण गंमत इथेच आहे. या थ्रस्टरमध्ये ठिणगी वगैरे काही लागत नाही, इंधन आणि ऑक्सिडायझर एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात. पण त्यांना टाकीतून ढकलायला पंप नसतो, ते काम हेलियम वायू करतो, आणि हेलियमच्या वाटेवर चेक व्हॉल्व्ह असतात, एकाच दिशेने उघडणारे. तेच अडकले होते. मग इंजिनियर्सनी काय केलं, तर व्हॉल्व्हच्या मागे हेलियमचं प्रेशर वाढवायचं आणि एकदम सोडायचं, परत वाढवायचं, परत सोडायचं. फुगून बसलेलं दार आपण जरा मागे घेऊन खांद्याने धडक देतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे दार शेकडो किलोमीटर वर, तासाला २७ हजारांहून जास्त किलोमीटर वेगाने पळतंय, आणि ग्राउंड स्टेशनच्या टप्प्यात असेल तेव्हाच त्याच्याशी बोलता येतं.

त्यात अजून एक त्रांगडं. किमान दोन गट चालू होईपर्यंत सोलर पॅनल उघडायचे नाहीत असं आधी ठरलं होतं, पण पॅनल थंड पडायला लागले तेव्हा ते तसेच उघडावे लागले. आणि हे सगळं आरामात करायलाही वेळ नव्हता, कारण यान खालच्या कक्षेत होतं, तिथली विरळ हवासुद्धा ते हळूहळू खाली ओढत राहते, थ्रस्टर लागले नसते तर काही दिवसांत खेळ खलास. पण त्याच दिवशी चारही गट जागे झाले. व्हॉल्व्हच्या बनावटीत झालेला एक बारीकसा बदल याच्या मुळाशी होता असं पुढे निघालं.

आता माझा मुद्दा. थ्रस्टर चालू झाले म्हणजे लगेच या घरात असं नसतं. किमान तीन गट चालू असल्याशिवाय ड्रॅगनने जवळ यायचं नाही असा नियम होता, कारण कुठल्याही क्षणी थांबून मागे फिरता आलं पाहिजे. शेवटी स्टेशनचा रोबोटिक हात त्याला साधारण १० मीटरवरून पकडायचा, तिथे ऐनवेळी एखादा गट बंद पडला तर? आधी सगळं तपासलं, मगच होकार दिला, आणि २ ऐवजी ३ मार्चला ते पोचलं. एकच दिवस उशीर.

नियम एवढे कडक का म्हणाल तर जून १९९७ आठवा. रशियाच्या मीर स्टेशनला, ऑटोमॅटिक न जोडता माणसाने स्वतः चालवून, जोडायचा सराव चालू असताना प्रोग्रेस हे मालवाहू यान स्पेक्ट्र मॉड्यूलवर आदळलं, हवा बाहेर जायला लागली, केबली तोडून ते मॉड्यूल कायमचं वेगळं बंद करावं लागलं. तिथे थ्रस्टर बिघडले नव्हते, यान वेळेत आवरता आलं नाही, बस. काही टन वजनाचं धूड हळू आलं तरी धूडच.

कधीकधी उलटंही होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नस एक्सएल या मालवाहू यानाचं मुख्य इंजिन कक्षा वाढवताना ठरल्याआधीच बंद झालं, सगळ्यांना वाटलं इंजिन गेलं. इंजिन धडधाकट होतं, सॉफ्टवेअरमधली धोक्याची मर्यादाच जास्त कडक ठेवलेली होती. नवा प्लॅन करून तेही एक दिवस उशिरा पोचलं. अशा वेळी सॉफ्टवेअरला शिव्या देणारे खूप भेटतात, मला मात्र उगाच थांबणारं यान चालतं, उगाच पुढे येणारं नाही.

मग सुनीता विल्यम्सना घेऊन गेलेलं स्टारलायनर यान? हे विचारणारच तुम्ही. जून २०२४ मध्ये स्टेशनजवळ येताना त्याचे २८ पैकी पाच थ्रस्टर बंद पडले, चार परत चालू झाले आणि यान जोडलं गेलं. पण परतीला माणसं बसवायची का यावर नासाने ऑगस्टमध्ये नाही म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये यान रिकामंच आलं. ते नीट उतरलं म्हणून लोक म्हणतात, बघा, उगाच घाबरले. अहो, पण ऑगस्टमध्ये निर्णय घेणाऱ्यांना सप्टेंबरचं लँडिंग थोडंच दिसत होतं.