आमची वाटचाल: चिपचं पुस्तक

२०१३ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी काम सुरू केलं. पहिलं उत्पादन म्हणजे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान नोंदवणारी पेटी. चिप घेतली ती स्वस्त म्हणून. चिप कंपनीने दिलेला लिनक्स (खुली ऑपरेटिंग सिस्टिम) तिच्यावर चालत होता, तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

पिंपळगाव बसवंतला पेट्या बसल्या आणि फोन सुरू झाले. आरएस-४८५ वरून, म्हणजे पाठवायला आणि ऐकायला एकच तारजोडी वापरणाऱ्या लाइनवरून, सेन्सरकडे जाणाऱ्या संदेशाचा शेवटचा बाइट अधूनमधून तुटायचा. ऑसिलोस्कोप (तारेवरचा सिग्नल दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा दिसलं, की बाइट तारेवर असतानाच लाइनची दिशा पाठवण्याकडून ऐकण्याकडे फिरतेय. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने) एका बाइटला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. ड्रायव्हर, म्हणजे चिपचा तो भाग चालवणारा लिनक्समधला कोड, तेवढंही थांबत नव्हता. युआर्टचा (चिपमधल्या बाइट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाचा) बफर, म्हणजे बाइटची रांग, रिकामा झाला तरी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये असतो; तिथून तो एकेक बिट करून तारेवर जातो. तो बाहेर पडल्याचं कुठल्या बिटवर कळतं, एवढंच आम्ही कंपनीला विचारलं. उत्तर आलं: आधी गोपनीयतेचा करार करा, आणि करार फक्त मोठ्या ऑर्डरवाल्यांशी होतो.

अंदाजाने डिले टाकून आम्ही दोन हंगाम काढले. पेटीवर काम वाढलं की बाइट पुन्हा तुटायचे. नवा कर्नलही (लिनक्सचा गाभा) मिळेना. रजिस्टरं (ज्यांतून चिप चालवतात ते तिच्यातले कप्पे) कुणाला माहीतच नाहीत, तर मूळ लिनक्समध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक आवृत्तीत, त्या चिपसाठी कोण काय लिहिणार?

मग बीगलबोन ब्लॅक हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आणला. त्यावरच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स चिपचं मॅन्युअल साडेचार हजारांहून जास्त पानांचं, आणि कुणीही डाउनलोड करावं असं. युआर्टचं प्रकरण उघडलं, लाइन स्टेटस रजिस्टर काढलं: बिट ५ बफरचा, बिट ६ शिफ्ट रजिस्टरचा. आम्ही ज्याच्यासाठी दोन वर्षं झुरलो, ते एका तक्त्यात दोन ओळींत लिहिलेलं होतं! भागीदाराने ते पान छापून भिंतीला लावलं, अजून तिथेच आहे.

या बोर्डावर मूळ लिनक्स चालतो, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमही चालतात. मॅन्युअल, म्हणजे चिपचं पुस्तक, हातात असलं की चिप कंपनीच्या बाहेरची माणसंही ड्रायव्हर लिहू शकतात, सुधारू शकतात. त्यांच्या त्या कष्टांवर आमचा गाळा उभा आहे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. नवी चिप निवडताना आता मॅन्युअल आधी, भाव नंतर.

पिंपळगावच्या सगळ्या पेट्या आम्ही स्वखर्चाने बदलून दिल्या. त्यांच्यावर ४.१९ कर्नल होता, पुढे ५.१० झाला. गेल्या हंगामाआधी ६.१ चढवला, तेव्हा आमच्या कोडमधल्या दोनच ओळी बदलाव्या लागल्या.