राक्षसाचे डोळे हिरवे झाले की

डूम इटर्नल, राक्षसांना बंदुकीने मारत सुटायचा कॉम्प्युटर गेम, आला 20 मार्च 2020 ला, शुक्रवारी. खरं तर आदल्या नोव्हेंबरातच यायचा होता, पुढे ढकलला, आणि ढकलून ढकलून नेमका अशा मुहूर्तावर आला की रविवारी जनता कर्फ्यू, गॅलरीत थाळ्या, आणि बुधवारपासून अख्खा देश कुलूपबंद. त्याच दिवशी निन्टेन्डोचा ॲनिमल क्रॉसिंग पण आला होता, तो बेटावर झाडं लावायची, मासे पकडायचे, शेजाऱ्यांना गिफ्टा द्यायच्या असा गोग्गोड गेम. दोन्हीकडच्या पब्लिकने मिळून डूमचा तो हिरव्या चिलखतातला रांगडा गडी आणि ॲनिमल क्रॉसिंगमधली पिवळी इझाबेल यांची इतकी चित्रं काढली की जसे काही बालमित्रच. म्हणजे सुरुवात अगदी गुण्यागोविंदाने झाली होती. भांडणं नंतर, तीही डूमवाल्यांचीच आपापसात.

आणि भांडणाच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी कुठल्या पार्टीत होतो ते आधीच कबूल करतो, "सोळाचा डूम बेस्ट होता, याला बिघडवलाय" या पार्टीत. सोळाचा म्हणजे याच्या आधीचा, 2016 चा. पार पुढच्या रांगेत.

त्याला कारण आहे ना. माझं आणि डूमचं नातं जुनं. 1993 चा पहिला डूम, तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याचा पहिला भाग फुकट वाटला होता, बाकीचे हवे असतील तर पैसे द्या, आणि तो फुकट भाग फ्लॉप्यांवरून फ्लॉप्यांवर होत होत कधीतरी बाबांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पोचला होता. शनिवारी अर्धा दिवस असायचा तेव्हा बाबा मला बरोबर न्यायचे आणि मी त्यांच्या फिरत्या खुर्चीवर मांडी घालून राक्षस मारायचो. त्या डूममध्ये वर बघता यायचं नाही, खाली बघता यायचं नाही, उडी तर नाहीच नाही. राक्षस माडीवर असला तरी आपण सरळ बघून बंदूक मारायची, गोळी आपली आपण वर जायची. सज्जन गोळ्या होत्या.

मग मध्ये बरीच वर्षं गेली आणि 2016 च्या मे महिन्यात नवा डूम आला, आणि काय सांगू, ती शनिवारची खुर्ची परत मिळाली. त्या काळात सगळे बंदुकीचे गेम असे झाले होते की भिंतीआड लपा, श्वास घ्या, तब्येत आपोआप भरेल, मग डोकं काढा. हा म्हणाला लपायचं नाही. तब्येत हवी तर पुढे जा, राक्षसाला अर्धमेला कर, तो लडखडत चमकायला लागला की हाताने त्याचा निकाल लाव, त्याच्यातून तुझी तब्येत सांडेल, ती उचल. म्हणजे जीव वाचवायला पळायचं ते शत्रूच्या दिशेने. गोळ्या भरायची भानगड नाही. दोन नळ्यांची सुपर शॉटगन एकदा हातात आली की मी ती शेवटपर्यंत सोडली नाही, बाकी बंदुका मागे गंजत पडल्या असतील. कुणी काही विचारलं नाही.

इटर्नलने पहिल्या तासातच विचारलं.

साध्या शॉटगनमध्ये गोळ्या किती, तर सुरुवातीला 16. सोळा! सोळा गोळ्या म्हणजे एका मोठ्या राक्षसाच्या नाश्त्याला पण पुरत नाहीत. मी माझ्या सवयीने धडाधड मारत सुटलो आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या बंदुका रिकाम्या, अंगावर सहाजण, आणि मी गोल गोल पळतोय. आमच्या पुण्यात गुरुवारी पाणी नसतं हे माहीत असून बुधवारी रात्री बादल्या न भरता झोपलेल्या माणसाचं जे होतं ते. हळूहळू कळलं की इथे संसारच करायचाय. गोळ्या हव्यात तर बारक्या राक्षसाला चेनसॉ, म्हणजे मशीनची करवत, लावायची. चिलखत हवंय तर खांद्यावरच्या नळीतून जाळ टाकून पेटलेल्याला मारायचं. तब्येत हवी तर जुनाच मार्ग, हाताने निकाल. चेनसॉचं इंधन तीन खणांचं, त्यातला एक खण आपोआप भरत राहतो, म्हणजे घरात तो दुसरा सिलिंडर भरलेला असतो ना, तसा. पण तो वेळेत लावायचं लक्षात तुम्ही ठेवायचं. शिवाय प्रत्येक राक्षसाची दुखरी जागा वेगळी. तो एक डोळ्याचा तरंगता गोळा असतो, कॅकोडेमन, त्याने आ केला की बरोब्बर तोंडात ग्रेनेड टाकायचा, गुलाबजाम टाकल्यासारखा, गटकन गिळतो आणि गपगार होतो. कोळ्यासारखा जो आहे त्याच्या पाठीवरची तोफ आधी उडवायची. जाड्याच्या दोन्ही हातातल्या तोफा आधी फोडायच्या. हे सगळं कधी, तर पळता पळता, शिफ्ट दाबून हवेत दोनदा झेपा टाकता टाकता, आणि नवीन काही आलं की गेम मध्येच थांबून स्क्रीनवर पाटी लावतो, याला असं मारा. मी चिडलो. अरे मी काय क्लासला आलोय का?

तर हे भांडण. एक पार्टी म्हणते, हा गेम खेळू देत नाही, स्वतःला हवं तसंच खेळायला लावतो, बंदुका सगळ्या दिल्यात पण निवड काढून घेतलीय. दुसरी म्हणते, तुम्ही सोळाच्या डूममध्ये एकच बंदूक घेऊन झोपेत खेळत होता, आता उठवलं तर रडताय. या गेमचा डायरेक्टर ह्यूगो मार्टिन, तो एक शब्द वापरायचा, 'फन झोन', म्हणजे अमुक एका पद्धतीने खेळलात तर खरी मजा, आणि गेमचं काम तुम्हाला तिकडे ढकलत न्यायचं. पहिल्या पार्टीला याचाच राग, की मजा कशात आहे ते मला तू कोण सांगणार. हा राग मला अजूनही अगदीच चुकीचा वाटत नाही. जेवणावळीत आग्रह करकरून वाढणारे असतात ना, जिलबी चांगली असते हो, पण आपण ताटावर हात आडवा धरलेला असतो.

माझा मावसभाऊ दुसऱ्या पार्टीतला. सांगलीचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मंडळाच्या संघात कबड्डी खेळायचा, डावा कोपरा. लॉकडाऊनमध्ये मैदान बंद म्हणून हाही घरात कोंडलेला, रोज रात्री दहाला आमचा कॉल, मी स्क्रीन दाखवायचो आणि तो तिकडून शेंगा खात कॉमेंटरी करायचा. मी गेम सुरू करताना मोठ्या रुबाबात अल्ट्रा-व्हायोलन्स लेव्हल निवडली होती. चौथ्या दिवशी गुपचूप एक पायरी खाली उतरलो तर पठ्ठ्याने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "दादा, काय हे."

मग मराऊडर आला.

ज्यांनी इटर्नल खेळलाय त्यांना हे नाव वाचूनच दात आवळावेसे वाटले असतील. साधारण अर्धा गेम होत आला की येतो, शिंगवाला, एका हातात लाल चमकती कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला ढाल. बाकी सगळ्या गेममध्ये तुम्ही सुसाट पळत असता, आणि हा म्हणतो थांब. गोळी मारली की ढाल पुढे. ढालीवर मारत राहिलात तर एक भुताचं कुत्रं सोडतो अंगावर. लांब गेलात तर लांबून कुऱ्हाडीचे वार फेकतो. फार जवळ गेलात तर शॉटगन काढून छातीत. बरोब्बर मधल्या अंतरावर राहिलात तरच तो कुऱ्हाड उचलून धावून येतो, क्षणभर डोळे हिरवे चमकतात, आणि त्या क्षणभरातच त्याला लागतं. बस, तेवढंच. तुमच्याकडच्या भारीतल्या भारी बंदुकीलाही त्या हिरव्या क्षणाच्या आधी आणि नंतर काडीची किंमत नाही.

मी त्याच्यासमोर किती वेळा मेलो ते मोजलं नाही. एवढं आठवतंय की आई आत येऊन म्हणाली, "शिव्या द्यायच्यात तर दार लावून दे."

तेव्हा भाऊ तिकडून शेंगा चावत म्हणाला, "दादा, तू चढाईला गेल्यावर मध्यरेषेवर उभा राहतोस का? नाही. मग आत घुसून सगळ्यांच्या मध्ये उभा राहतोस का? नाही. बोनस रेषेपाशी खेळवायचं. तो हात टाकेपर्यंत थांब. त्याने हात टाकला की मग तू." मी आयुष्यात कबड्डी खेळलेली नाही, मी शाळेत स्कोअर लिहायला बसायचो. पण डोक्यात ती रेषा आखली. पुढे नाही मागे नाही. डोळे हिरवे, सुपर शॉटगन, लगेच बदलून दुसरी बंदूक, बॅलिस्टा, परत मागे. डोळे हिरवे, धाड, धाड, मागे. चौथ्या की पाचव्या वेळेला तो गुडघ्यावर आला आणि सांगलीतून जो ओरडा झाला तो ऐकून मावशीने फोनच हिसकावून घेतला, म्हणे रात्रीचे बारा वाजलेत दोघांना कळतं का.

पार्टी बदलली मी त्या रात्री. म्हणजे अचानक गेम चांगला झाला असं नाही, हात शिकले. बंदुका बदलायचा विचार करावा लागेना, बोटं आपापली जात होती, आमची आई फोनवर बोलत बोलत पोळ्या लाटते तशी. सुपर शॉटगनला एक आकडा असतो, राक्षसात अडकवला की आपणच खेचले जातो त्याच्याकडे, तो अडकवून हवेत झोका घेत खाली जाळ टाकत जायचं, आणि मागे ते गिटार, असं काही मला सोळाच्या डूमने दिलं नव्हतं. तिथे मी सगळं एका बंदुकीने केलं होतं आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणत होतो.

तरी सगळंच माफ नाही हं. ती जांभळी राळ! काही ठिकाणी जमिनीवर जांभळी चिकट राळ पसरलीय, तिच्यात उडी नाही, झेप नाही, रुतत रुतत चालायचं. ज्या गेमचा जीवच वेगात आहे त्यात पावसाळ्यातली गल्ली कुणाला सुचली असेल? आणि त्या भिंती चढणं, फिरत्या आगीच्या दांड्यांमधून उड्या मारणं, 1993 साली ज्याला साधी उडी येत नव्हती त्याचा पार मारिओ करून टाकला असं लोक म्हणतात ते उगाच नाही. मे 2020 मध्ये तर एका अपडेटबरोबर चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर घुसवलं, एकटा खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पण, म्हणजे मी माझ्याच घरात राक्षसांना फसवेन की काय म्हणून पहारा. लोकांनी रिव्ह्यूंमध्ये असा धुरळा उडवला की ते काढून टाकावं लागलं. तेव्हा मात्र दोन्ही पार्ट्या एकत्र होत्या.

आणि आता गंमत बघा. मे 2025 मध्ये पुढचा आला, डूम द डार्क एजेस. यात हातात ढाल, पाय जमिनीवर, डबल जंप गेली. बनवणाऱ्यांनीच सांगितलं की इटर्नल हे लढाऊ विमान होतं, हा रणगाडा आहे. अंगावर हिरवं काही येताना दिसलं की ढालीने परतवून लावायचं. म्हणजे त्या मराऊडरचा हिरवा क्षण उचलून आख्ख्या गेमभर पसरलाय. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन गेमचा वेग, परतवायला मिळणारा वेळ, सगळं आपल्या सोयीने सरकवता येतं, कुणी आग्रह करत नाही, हवं तेवढंच वाढून घ्या. आणि लोक काय म्हणतायत? "इटर्नलची मजा नाही राव." "तो कसा घाम काढायचा." यातले निम्मे तरी 2020 मध्ये माझ्याबरोबर त्या पुढच्या रांगेत बसले होते, मी शपथेवर सांगतो.

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. भाऊ आता नोकरीला लागलाय, गुडघ्याच्या दुखण्याने कबड्डी सुटली, लॅपटॉपवर डार्क एजेस टाकून ठेवलाय पण अर्धाच खेळलाय. फराळाचं ताट मांडीवर घेऊन म्हणाला, "दादा, तो जुना लाव ना, मराऊडरवाला." लावला. पाच वर्षं हात लावला नव्हता. तो शिंगवाला समोर आला, मी मनातल्या मनात रेषा आखली, भाऊ चकली तोंडात धरून गप्प बसून बघत होता, डोळे हिरवे झाले, आणि माझी बोटं भलत्याच बटणावर.

कुत्रं आलं.