थेंब पांढरा होताना

"मॅडम, साध्या काचेवरचे थेंबपण उणे अकरालाच गोठतायत."

डिसेंबरातली सकाळ होती. साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एमएस्सीची विद्यार्थिनी रडवेली होऊन उभी होती. ग्राफीन ऑक्साइडचा थर दिलेल्या काचेवर पाणी लवकर गोठतं का, हा तिचा प्रोजेक्ट. आणि दोन्ही काचांवर आकडा तोच.

पाणी शून्याला गोठतं असं आपण शाळेत घोकतो. खरं तर शून्याला बर्फ वितळतो. गोठायला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते, दुधाला विरजण लावावं तशी. अगदी निर्मळ पाण्याचे बारीक थेंब उणे 38 च्या आसपासपर्यंत पाणीच राहतात. एखादा योग्य कण किंवा पृष्ठभाग मिळाला, की त्यावर बर्फाचं बीज आधीच धरतं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा, षटकोनी जाळीचा पापुद्रा. त्याला ऑक्सिजनचे गट जोडले की झालं ग्राफीन ऑक्साइड. 2019 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी याचेच लहानमोठे पापुद्रे पाण्यात सोडून बर्फाचं बीज किती मोठं असावं लागतं ते मोजलं. पापुद्रा त्या मापापेक्षा लहान असला तर त्याची काही मदत होत नाही.

मी आधी संशय घेतला तो थरावर. ग्राफाइटपासून तो आम्हीच बनवलेला, धुण्यात काही राहिलं असेल. पण मग कोरी काचही त्याच आकड्याला का यावी? म्हणजे दोष पाण्यात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन खिडकीशी होता, झाकण सैल, बाहेर मैदानाची धूळ. विरजण आधीच पडलं होतं!

तिने पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, काचा नव्याने धुतल्या, दुपारी पुन्हा बसली. थंड होणाऱ्या प्लेटवर दोन-दोन मायक्रोलिटरचे थेंब, वर कॅमेरा. मीही तिच्या शेजारी स्टूल ओढलं.

थेंब गोठताना पाहणं मला अजूनही थांबवून ठेवतं. काचेच्या मण्यासारखा स्वच्छ थेंब, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यातून धुरकट लाट जाते. मग तळापासून बर्फ सावकाश वर चढतो. बर्फाला पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त जागा लागते, त्यामुळे शेवटी माथ्यावर मोदकासारखं टोक निघतं.

थराच्या काचेवर उणे सतराला पहिला थेंब पांढरा झाला. कोरी काच उणे वीस ओलांडून गेली तरी तिच्यावरचे सगळे थेंब लखलखीत होते. पोरीने माझा हात घट्ट धरला.

मग तिनेच विचारलं, "पण मॅडम, आमच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं तेव्हा पारा शून्याच्या वर असतो. ते कसं?" तिचं घर महाबळेश्वरकडे, वेण्णा लेकजवळ. मी सांगितलं, निरभ्र रात्री पानं आभाळाकडे उष्णता टाकतात आणि हवेपेक्षा गार होतात. शिवाय पानांवर स्यूडोमोनास सिरिंजी नावाचे जिवाणू असू शकतात. ते उणे दोनलाच बर्फाचं बीज धरतात.

सोमवारी ती गावाहून आली ती डब्यात ओलं पान घेऊनच. पान गाळलेल्या पाण्यात खळबळून त्यातला थेंब तिने कोऱ्या काचेवर ठेवला. उणे चारला तो पांढरा झाला.