सकाळी सहाचा आकडा

१६ जानेवारी

काल वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा दुसरा दिवस, संपलं आणि आज उजवा हात शर्टाच्या बाहीत जाईना. डाव्या हातानं बाही धरून उजवा आत सरकवला, तर खांद्याच्या टोकापासून दंडाच्या मध्यापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

दिवाळीनंतर बॅडमिंटनची रॅकेट हातात धरलेली नाही. अडीच महिने झाले. तेव्हा खांदा दुखायला लागला होता आणि मी खेळायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन खेळत राहिलो. ते चुकलंच. नंतर घाबरून सगळंच बंद केलं. आराम दिला की बरा होईल असं धरून चाललो होतो, आणि दुखणं थांबलंही होतं.

मग १४ तारखेला नातीनं गच्चीवर ओढून नेलं. फिरकी तिच्या हातात, पतंग माझ्या. सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत, मध्ये फक्त उंधियू-जलेबीपुरते खाली. मान वर, हात डोक्याच्या वर, ढील द्यायची आणि खेचायचं. पेच लागल्यावर खेच कशी बसते ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. पतंग कापल्याची 'काय पो छे' ही आरोळी उठली की वय कुठल्या कुठे जातं. मी ६४ वर्षांचा आहे आणि त्या दिवशी मी नऊ पतंग कापले. तो आनंद खोटा नव्हता.

रात्री उजव्या कुशीवर वळलो तो थेट जागा झालो. पहाटेपर्यंत बसून होतो.

२० जानेवारी

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. ती गुजराती बोलते, मी आमच्या बडोदेकरी मिसळीत उत्तर देतो. तिचा पहिला प्रश्न, "काका, दसमांथी केटला?" दहापैकी दुखणं किती? मी म्हटलं, सात. आकडा रोज दोनदा लिहायला सांगितलाय, व्यायाम झाल्यावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या एकदा. रोजनिशी मी कित्येक वर्षं लिहितो, आता तिच्यात आकडे येतील.

मनात भीती होती ती गोठलेल्या खांद्याची. हिचा खांदा आठ वर्षांपूर्वी गोठला होता. हिला मधुमेह आहे, आणि मधुमेहींमध्ये तो जास्त होतो. आधी नुसतं दुखणं, मग हात हलेचना, मग फार सावकाश सुटत गेला. दीड वर्षं हिची वेणी मी घालत होतो. आरशात बघून ही "सैल झाली हो" म्हणायची आणि मी पुन्हा घालायचो.

फिजिओनं माझा कोपर अंगाशी धरला आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवला. वळला. म्हणाली, गोठलेला खांदा दुसऱ्यानं वळवला तरी वळत नाही, तुमचं ते नाही. मग हात बाजूनं वर न्यायला लावला. सुरुवातीला काही नाही, ६० अंशांच्या पुढे कळ, १२० अंश ओलांडले की पुन्हा सुटका. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दुखावली की बहुतेक असंच होतं. डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफीही तेच दाखवत होती : रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंचा गट, त्यातल्या सुप्रास्पायनेटस स्नायूच्या कंडरेत अर्धवट फाट.

'फाट' हा शब्द वाचून घशाला कोरड पडली होती. तिनं समजावलं की या वयात अशी फाट पुष्कळांच्या खांद्यात असते, ज्यांचा खांदा कधी दुखलेला नाही त्यांच्यासुद्धा. फोटोतली फाट आणि दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. खांद्याची वाटी उथळ, तिच्यावरचा गोळा मोठा, आणि हेच चार स्नायू त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवतात. अडीच महिने मी त्यांना काहीच काम दिलं नाही, ते दुबळे झाले, आणि एका दिवसात त्यांच्यावर दहा तासांचा पतंग टाकला.

"आराम वधारे थई गयो, काका."

आराम जास्त झाला! काळजी घेतोय असं समजून मी खांद्याची ताकद घालवत होतो. हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

नियम असा : व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालेल. पण सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वर गेला, तर काल जास्त झालं असं समजायचं आणि भार कमी करायचा. बंद मात्र करायचं नाही.

२७ जानेवारी

कमाटीबागेत फिरताना मित्र म्हणाला, "दुर्बिणीनं करून टाक रे, जागा मोकळी होते." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ब्रिटनमध्ये नेमकी हीच शस्त्रक्रिया तपासली गेली, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. काहींचं खांद्यावरचं हाड तासून कंडरेसाठी जागा मोकळी केली, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांच्या दुखण्यात रुग्णाला जाणवावा इतका फरक निघाला नाही. पडून अचानक पूर्ण फाटलेली कंडरा, हात उचलताच न येणं, ही गोष्ट वेगळी. तिथे वेळ घालवू नये. माझं तसं नाही.

सकाळ : पाच.

४ फेब्रुवारी

भिंतीवर मनगटाची मागची बाजू टेकवून बाहेर दाबायचं, हात हलू द्यायचा नाही. ४५ सेकंद, पाच वेळा. दिसायला काहीच नाही, पण नंतर खांदा तासभर शांत असतो. झोपताना डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली उशी. काल पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली.

सकाळ : चार.

१२ फेब्रुवारी

आज रबरी पट्टा मिळाला. काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर अंगाशी, पट्टा बाहेर ओढायचा आणि परत येताना मनात चार आकडे मोजत सावकाश यायचं. एक दिवसाआड. शिवाय पाठीखाली गुंडाळी घेऊन उताणं पडायचं, कारण हात डोक्यावर १८० अंश जातो त्यातले साधारण ६० अंश खांद्याचं पातं फिरून मिळतात. पाठीला पोक आलं की पातं नीट फिरत नाही आणि सगळा ताण खांद्यावर येतो.

पातं फिरवताना मला दांडिया बाजार आठवला. लहानपणी वडील जुम्मादादा व्यायाम मंदिरात न्यायचे. १८८० पासूनचा तो आखाडा. पुढे प्रोफेसर माणिकरावांनी तो वाढवला, आणि हाडं बसवण्यातही त्यांचा हात नावाजलेला होता. त्यांना मी पाहिलेलं नाही. पण मला शिकवणारे गुरुजी लहान मुलाच्या हातात जड मुद्गल देत नसत. हलकं, मग जरा जड, मग त्याहून जड. मुद्गल डोक्यामागून फिरला की "पाठ सरळ, पाठ सरळ" असा आवाज यायचा. मराठीत व्यायामाचा दहा खंडांचा ज्ञानकोश ज्या शहरातून निघाला, त्या शहरात वाढलो, आणि भार हळूहळू वाढवायची गोष्ट या वयात पुन्हा शिकतोय. गुरुजी आज असते तर पाया पडून सांगितलं असतं.

सकाळ : तीन.

१५ फेब्रुवारी

हुरूप आला म्हणून जाड पट्टा घेतला. सकाळ : सहा. आज पुन्हा पातळ.

२ मार्च

समा इनडोअर क्रीडासंकुलात खेळायला गेलो. दहा मिनिटं नुसतं अंग गरम केलं. रॅकेटची तार २६ पौंडांवरून २३ वर आणली आहे. दुहेरीत जोडीदाराला आधीच सांगितलं की मागचं कोर्ट तुझं, मी नेटपाशी. डोक्यावरचा एकही फटका घेतला नाही.

स्मॅश माझा होता. चाळीस वर्षं लोक मला त्यासाठी ओळखत आले, आणि शटल उंच येताना दिसलं की अजून हात आपोआप मागे जातो. आज तो खाली घेतला तेव्हा छातीत काहीतरी हललं. पण नेटपाशी उभं राहिल्यावर समोरच्याचं मनगट किती आधी बोलतं, ते मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. दोन गेम खेळलो, एक जिंकलो.

३ मार्च

सकाळ : दोन!

१५ मार्च

एक किलोचं वजन खांद्याच्या उंचीपर्यंत, दहा वेळा, दुखणं दोन. फिजिओ म्हणते, कंडरेला बळ यायला किमान तीन महिने लागतात, आता कुठे दोन होताहेत. स्मॅशचं नाव अजून काढायचं नाही. डोक्यावरून संथ क्लिअर, म्हणजे शटल उंच मागच्या कोर्टात पाठवायचा फटका, मारायला परवानगी मिळाली, दिवसाला वीस. शटल डोक्याच्या मागे जाऊ द्यायचं नाही, पुढेच गाठायचं.

पाडवा

दरवर्षी गुढी मी उभारतो. मुलगा म्हणाला, "बाबा, या वर्षी मी करतो." ही काहीच बोलली नाही, तांब्याला हळदीकुंकू लावत राहिली.

काठी अंगाजवळ धरली. डावा हात खाली, भार त्याच्यावर. उजवा वर, कोपर पुढे. बाजूनं उचलायचं नाही, समोरून. साडी, कडुलिंब, साखरेची गाठी, तांब्या, सगळ्यांसकट काठी सरळ झाली. मुलगा मागे हात धरून उभा होता, लावावा लागला नाही. नातीनं खालून विचारलं, "आबा, दसमांथी केटला?" सगळ्या घराला ते वाक्य पाठ झालं आहे. म्हटलं, तीन, पण खरं उत्तर उद्या.

पाडव्याचा दुसरा दिवस

सकाळी सहा : दोन.