पाच रचना आणि दोन

बारावीला रसायनशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं मी फळ्यावर एक वाक्य बिनधास्त लिहीत आलो: जितक्या जास्त रेझोनन्स रचना, तितका आयन स्थिर आणि आम्ल तीव्र. आयन म्हणजे आम्लाने हायड्रोजन सोडल्यावर उरणारा भारित भाग, आणि रेझोनन्स रचना म्हणजे त्याचा भार वेगवेगळ्या अणूंवर दाखवणारी चित्रं. पोरं ते वाक्य वहीत चौकटीत घालायची.

एकदा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहिली. "सर, फिनॉलच्या आयनच्या, फिनॉक्साइडच्या, पाच रचना तुम्हीच काढल्यात. अ‍ॅसेटिक आम्लाच्या आयनच्या, अ‍ॅसिटेटच्या, दोनच. मग फिनॉल जास्त तीव्र पाहिजे ना?"

शेजारी माझ्याच अक्षरात पीकेए होते (आम्लाच्या तीव्रतेचं माप; एक अंक कमी म्हणजे दहापट तीव्र): फिनॉल 10, अ‍ॅसेटिक आम्ल 4.76. म्हणजे अ‍ॅसेटिक लाखाहून जास्त पटींनी तीव्र. "उद्या सांगतो," म्हणालो आणि डस्टर उचललं.

रात्री सगळ्या रचना पुन्हा काढल्या. अ‍ॅसिटेटच्या दोन्ही अगदी सारख्या, दोन्हींत ऋणभार ऑक्सिजनवरच. फिनॉक्साइडच्या पाचांपैकी तिघींत तो कार्बनवर जातो, शिवाय बेंझीनच्या कड्याची अ‍ॅरोमॅटिसिटी, म्हणजे त्याची खास स्थिरता, मोडते. जवळजवळ खोगीरभरतीच. अगदी फुकट नाही. इथेनॉलचा पीकेए 16 च्या आसपास, तिथून फिनॉल 10 वर आलं त्यात त्यांचाही हात आहे. पण मी नुसती डोकी मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी फळा सोडून वर्ग प्रयोगशाळेत नेला. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाच्या तीन परीक्षानळ्या. एकीत फिनॉल (ते मीच टाकलं, कातडी भाजते), दुसरीत मेटा-नायट्रोफिनॉल, तिसरीत पॅरा, प्रत्येकी चिमूटभर. (कड्यावर नायट्रो गट ऑक्सिजनच्या कार्बनपासून एक कार्बन सोडून असला तर मेटा, थेट समोर असला तर पॅरा.) पहिली रंगहीन राहिली, दुसरी फिकट, तिसरी हळदीसारखी पिवळीधमक. पिवळा रंग नायट्रोफिनॉलच्या आयनचा. पॅरा जागेवरून ऋणभार थेट नायट्रोच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतो, म्हणून पीकेए 7.15.

"पण मेटाचाही फिनॉलपेक्षा कमीच आहे, 8.4," तीच मुलगी. "तिथे तर भार नायट्रोपर्यंत जात नाही."

या वेळी उत्तर तयार होतं: रेझोनन्स नसला तरी नायट्रो गट बंधांमधून इलेक्ट्रॉन ओढतोच. तिने मान हलवली, पण वहीतल्या चौकटीवर आधी काट मारली, मग हे लिहून घेतलं.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्या जुन्या नोट्स अजून मिळतात. चौकटीसकट.