तीन म्हाताऱ्या, एक पगार

आज तिन्ही गाड्यांचा विमा भरला. बाबांची पद्मिनी, बायकोची मारुती ८००, माझी झेन. तिन्ही माझ्याच नावावर. फुल इन्शुरन्स कधीच सोडला, एवढ्या जुन्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) ती काय धरणार! थर्ड पार्टी मात्र सुटत नाही, सुटूही नये. हजार सीसीच्या आतल्या दोघींचे २०९४ प्रत्येकी, पद्मिनी १०८९ सीसीची म्हणून ३४१६. वर १८ टक्के जीएसटी. एजंट तिघींवर पीए कव्हर (मालक-चालकाचा अपघात विमा) लावत होता. मालक एकच असेल तर ते एकदाच पुरतं म्हटल्यावर गप्प बसला.

दुपारी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. पद्मिनीचा फ्यूल पंप गळत होता. मी नवा घ्यायच्या तयारीने गेलेलो. दुकानदाराने जुनाच हातात घेतला, खालचा दांडा दोनतीनदा दाबला, कडेने बोट फिरवून हुंगलं आणि म्हणाला, डायफ्रामच फाटलाय, किट टाका. (असा माणूस सर्व्हिस सेंटरला भेटत नाही.)

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात स्वतःच बसवलं. चोक ओढला, तिसऱ्या सेल्फला चालू! हाताचा पेट्रोलचा वास मात्र जेवताना आमटीतही येत होता.

झेनचा क्लच पुढच्या पगाराला. तोवर लोणावळा रद्द.